आजोबांची स्तुती केल्याबद्दल

पेर्लीन मुलाखत देऊन बेटाच्या राजधानीतून, कोलोनियाहून, घरी पोचायच्या आत तिचा गुन्हा गावात, मादोलेनिममध्ये, पोचला होता. तिची टॅक्सी दर वळणावर कुणाला तरी उतरवत, कुणाला तरी घेत येत होती. बातमीला तसलं काही काम नव्हतं. मुलाखत घेणाऱ्यांतल्या कप्तान याकोपने दुपारी फोन करून बायकोला सांगितलं, बायकोने रस्त्यावरच्या दुकानात, आणि दुकानातून ती डब्यातल्या माशांबरोबर घरोघर गेली.

पेद्रुसकडे ती त्याच्या बायकोने, कार्मेलिदाने, आणली. तो मांडवात बसून भाजलेल्या नीरफणसाची काळी साल खरवडत होता. तिने डबे खाली ठेवले आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या नातीने तुमची स्तुती केली."

"कुणासमोर?"

"पोलीस भरतीच्या मुलाखतीत. चौघांसमोर."

पेद्रुसने सुरी खाली ठेवली.

"शर्ट घाला," कार्मेलिदा म्हणाली. "लोक यायला लागतील."

घरात कुणी गेलं की ती हेच वाक्य ह्याच आवाजात म्हणत असे. आणि तिचं फारसं चुकतही नव्हतं. ह्या बेटावर माणूस मेजवानीला कोनफळ आणतो, ते बांबूला बांधून खांद्यांवर आणावं लागतं, आणणाऱ्यांच्या माना वाकतात. आणि ज्याचं असतं तो म्हणतो, उंदरांनी टाकलेलं मूळ आहे, डुकरांपुढे टाका. मग बाकीचे म्हणतात, असं कोनफळ आम्ही जन्मात पाहिलं नाही. आपलं आपण खाली ओढायचं आणि लोकांनी वर उचलायचं, अशी कामाची वाटणी झालेली आहे. जो स्वतःच आपल्या माणसाला वर उचलतो, तो समोरच्याचं काम हिसकावून घेतो. वर असंही सुचवतो, की तुमच्यावर सोडलं असतं तर तुम्ही उचललं नसतं. ह्याहून मोठा अपमान करायचा तर समोरच्याच्या डोक्यावर पाय द्यावा लागेल.

हे पेर्लीनला ठाऊक नव्हतं असं नाही. ती ह्याच मांडवात रांगली होती. पण तिला बेर्मिनने शिकवलं होतं.

बेर्मिन पेद्रुसचा धाकटा मुलगा, पेर्लीनचा मामा. बारा वर्षं कॅन्सस सिटीत मांस गोठवण्याच्या गोदामात. मागच्या साली थोरल्या आत्याच्या मयताला आला तो अजून परत जायचा होता. दर महिन्याला पुढच्या महिन्याचं विमान पक्कं करायचा. पेद्रुसच्या घरातली बहुतेक माणसं त्याच गावी, त्याच गोदामाच्या आसपास. एकेक करून गेली. नाताळला फोनवर सगळ्यांची तोंडं दिसायची आणि प्रत्येक जण म्हणायचा, इकडे थंडी फार आहे, जणू परत न येण्याचं तेच कारण होतं. ह्या घरात उरलेली तरुण म्हणजे एकटी पेर्लीन. आणि तिने सरळ सांगून टाकलेलं होतं: राज्य पोलिसांत घेतलं तर राहीन, नाही तर मामाबरोबर जाईन. ती बोलली की करायची. हा गुण तिला कुणाकडून आला ह्यावर घरात एकमत होतं, म्हणून कुणी बोलत नसे.

टॅक्सी येऊन उभी राहिली तेव्हा मांडवात पेद्रुस शर्ट घालून बसला होता, शेजारी कार्मेलिदा, खांबाला टेकून मुलगी रोसिना, आणि कडेच्या फळीवर पाय सोडून बेर्मिन. पेर्लीन इस्त्रीच्या स्कर्टात, केसांना तेल लावलेली, खुशीत होती. सगळ्यांची तोंडं बघून ती चप्पल काढता काढता थांबली.

"कुणी गेलं का?"

"अजून नाही," तिची आई रोसिना म्हणाली. "ये, बस. काय बोललीस ते सांग."

"चांगलं झालं. मामाने सांगितलं तसंच बोलले. ते म्हणाले, आम्ही तुलाच का घ्यावं. मी म्हणाले, मी सगळ्यांत जोरात पळते, परवा पळण्याच्या चाचणीत पोरांच्याही पुढे होते. इंग्रजी चांगलं येतं. आणि दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला मी भीत नाही."

"बघा," बेर्मिन म्हणाला. "बरोबर बोलली. तिकडे मुलाखतीत मी बरा आहे म्हटलं, तर विचारतात, बरा म्हणजे, आजारी होतास का."

"तू गप," कार्मेलिदा म्हणाली. "पुढे?"

"पुढे कप्तान याकोप म्हणाले, पोलिसातच का यायचंय. मी म्हणाले, माझे आजोबा ह्या बेटावरचे सगळ्यात चांगले पोलीस होते, म्हणून."



"सगळ्यात," रोसिना म्हणाली.

"हो."

"बाई गं, त्या चौघांतल्या तिघांनी आजोबांबरोबर नोकरी केलीय."

"म्हणून तर त्यांना माहीत असणार."

पेद्रुस खाली बघत होता. इतकी वर्षं त्याने खाकी घातली, निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. ह्या सगळ्या काळात त्याला कुणी चांगला पोलीस म्हटलं नव्हतं. घरच्यांनी म्हणायची रीत नव्हती, आणि बाहेरच्यांनी म्हणावं अशी वेळ आणायला आधी त्याने स्वतःला वाईट म्हणायला हवं होतं. तो मुळात बोलायचाच कमी, त्यामुळे तेही राहून गेलं होतं. त्याने घसा साफ केला.

"नेमके शब्द काय होते? अशा गोष्टीत नेमके शब्द लागतात."

पेर्लीनने नेमके शब्द सांगितले.

"सगळ्यात चांगले, की चांगल्यांपैकी एक?"

"सगळ्यात चांगले."

"मादोलेनिममधले, की बेटावरचे?"

"बेटावरचे, आजोबा."

"अहो," कार्मेलिदा म्हणाली, "पुरे झाली चौकशी. तुमचा चेहरा बघतेय मी."

मग तिने निकाल दिला. आजच, दिवस मावळायच्या आत, याकोपच्या मांडवात सकाऊ घेऊन जायचं. अख्खं झाड, मुळांसकट; मुळं कुटून त्यांचाच रस त्याला पाजायचा. माफीचा पेला त्याने घेतला की विषय संपला. पेला घेतल्यावर राग धरायची सोय कुणालाच नसते, कप्तानालाही नाही. मागच्या परसातलं जुनं झाड त्यासाठी काढावं लागलं तरी चालेल.

"आई, ती भरती आहे," बेर्मिन म्हणाला. "मुलाखत घेणाऱ्याच्या घरी काही घेऊन गेलं की त्याला लाच म्हणतात. कॅन्ससमध्ये झाड घेऊन गेलात तर झाडासकट आत टाकतील."

"कॅन्ससमध्ये सकाऊ उगवतो?"

"मुद्दा तो नाही."

"मग तिथल्या लोकांना माफी मागायची तर ते काय नेतात?"

बेर्मिनने विचार केला. "वकील," तो म्हणाला.

रोसिना एवढा वेळ भावाच्या बाजूने होती. पोरीला चुणचुणीत बोलायला शिकवल्याचं तिला कौतुकच होतं. आता ती खांबापासून सरळ झाली.

"बेर्मिन, एक विचारू? तुला माहीत होतं ना, समोर कोण बसणार आहे ते?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिला नाही घेतलं, तर ती कुणाबरोबर जाते?"

बेर्मिनचा चेहरा उतरला. तो फळीवरून खाली उतरला आणि मांडवाच्या मधोमध उभा राहिला, जिथे सहसा कुणी उभं राहत नाही. "मी तिला रोज उठवून पळवलंय, ताई. माझे गुडघे बघ. न्यायचीच असती तर झोपू दिलं असतं."

हे खरं होतं. पहाटे दोघांच्या पावलांचा आवाज पेद्रुस अंथरुणातून ऐकायचा. पुढे हलकी धप्-धप्, मागे खोकला.

"मी येणार नाही," पेर्लीन म्हणाली. "मी खोटं बोलले नाही. माफी कशाची?"

"खरं बोललीस त्याची," आजी म्हणाली. "खोट्याचं कुणी एवढं वाईट वाटून घेत नाही."

"आजोबा, तुम्ही सांगा. तुम्ही नव्हता चांगले?"

सगळे पेद्रुसकडे बघायला लागले. हो म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणावं तर पोरगी तोंडावर खोटी पडत होती. पेद्रुसने नीरफणसाचा तुकडा उचलला, परत ठेवला.

"मला कुणी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. "त्या काळी राज्य नव्हतं, जिल्हा होता. अमेरिकनांचा कारभार. मी सुकं खोबरं घेऊन कोलोनियाला गेलो होतो. पोलिसांची जीप होती, एकच, ती खड्ड्यात गेली होती. मी मागून उचलली. सार्जंट म्हणून एक बुटका माणूस होता, पिंगेलाप बेटावरचा. म्हणाला, पोहता येतं का. मी म्हणालो, नाही येत. म्हणाला, होडी वल्हवता येते? मी म्हणालो, कुठली येतेय. तर म्हणाला, उद्यापासून ये."

"आजोबा, पण तुम्हाला पोहता येतं," पेर्लीन म्हणाली.

"त्याला काय माहीत नव्हतं? मी किनाऱ्यावरच्या घरातला. म्हणजे येत असणार. नाही म्हणालो म्हणजे चांगलंच येत असणार." पेद्रुस थोडा हसला. "शर्ट एकच शिल्लक होता. तो बसला. बूट कुणालाच नव्हते. सकाळी झेंडा चढवायचा, मग ज्याचं डुक्कर हरवलं असेल त्याच्याबरोबर डुक्कर शोधत जायचं. चालत. एकदा गेलो की दोन दिवस घरी नाही. वाटेत प्रत्येक घरी जेवायला बसवायचे, चोराच्या घरीसुद्धा. त्याच्याकडे जेवलं की त्यालाच लाज वाटायची, डुक्कर आपसूक सापडायचं."

तो बोलत होता आणि कार्मेलिदा दुसरीकडे बघत स्कर्टाची कड चोळत होती. खाकी अर्ध्या चड्डीत, अनवाणी, हातात काठी घेऊन तो पहिल्यांदा तिच्या बापाच्या अंगणात आला होता तो डुकरासाठीच. डुक्कर त्यांच्याकडे नव्हतं. तरी तो पुढच्या आठवड्यात पुन्हा शोधायला आला.

"मग एक अमेरिकन साहेब आला," पेद्रुस म्हणाला. "बढती द्यायची होती. मला विचारलं, तू चांगला पोलीस आहेस का. मी म्हणालो, नाही. त्याने तसं लिहून घेतलं. तो परत जाईपर्यंत मी होतो तिथेच राहिलो. सार्जंट झालो ते नंतर."

बेर्मिन मोठ्याने हसला. मग हसता हसता थांबला, कारण कुणीच हसत नव्हतं.

"बघ, म्हणजे माझंच बरोबर," तो जरा हळू म्हणाला. "साहेबाला साहेबासारखं सांगायला हवं होतं."

"पण आज समोर साहेब नव्हता," पेद्रुस म्हणाला. "याकोप होता. तू तिला दुसऱ्याच माणसाची मुलाखत शिकवलीस."

 बेर्मिन परसाकडे गेला आणि कुदळीचा आवाज यायला लागला. रोसिना त्याच्यामागे पहार घेऊन गेली. भाऊबहीण भांडले की समेट असा काहीतरी खणूनच व्हायचा.

"मी येते," पेर्लीन आजोबांना म्हणाली. "पण मी चुकीचं बोलले असं म्हणणार नाही."

"तू काहीच बोलू नकोस. बोलायचं मला आहे."

याकोपचं घर ओढ्यापलीकडे. बेर्मिन आणि शेजारचा एक जण बांबूला झाड लटकवून पुढे, पानं हलतायत, मुळांची माती वाटभर सांडतेय. मागे पेद्रुस, त्याच्यामागे बायका. असं झाड वाटेवरून जाताना दिसलं की लोक काय विचारायचं ते ठरवत नाहीत, फक्त कुणाकडे वळतं ते बघतात. याकोप अंगणात बनियनवर बसून मुलाची सायकल दुरुस्त करत होता. त्याने झाड बघितलं, पाना टाकला आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा स्वच्छ शर्ट अंगात होता. तो मांडवात वरच्या ओट्यावर जाऊन बसला, चेहरा लाकडासारखा.

पेद्रुस खाली बसला, दगडाजवळ, जिथे कुटणारे बसतात.

ह्या याकोपला त्याने जीप चालवायला शिकवली होती. अहवाल कसा लिहायचा ते शिकवलं होतं: आधी काय दिसलं, मग काय ऐकलं, तुला काय वाटलं ते कुणी विचारलेलं नाही. याकोप तेव्हा त्याच्यासाठी सिगारेटी आणायला धावायचा. आता म्हातारा सार्जंट खाली मातीत आणि तो वर, हे याकोपलाही सोसत नसावं; तो छपराच्या झावळ्या बघत होता.

बेर्मिनने शर्ट काढला आणि कुटायला बसला. सपाट काळा दगड घंटेसारखा वाजायला लागला. पहिल्या चार ठोक्यांतच कळलं की हात गोदामातले आहेत. शेजाऱ्याने त्याला ताल धरून दिला. मुळं भुगा झाली, ओल्या सालीत गुंडाळून पिळली, चिकट राखाडी रस करवंटीत पडला. याकोपच्या पुतण्याने हात आडवा धरून, मान वळवून, करवंटी वर धरली. याकोपने ती घेतली नाही अजून. आधी बोलणं व्हायला हवं होतं.

"आमच्या मुलीकडून चूक झाली," पेद्रुस म्हणाला. त्याला वाटलं होतं हे सोपं जाईल, आयुष्यभराची सवय. "तिने तुमच्यासमोर माझं नाव घेतलं. ते नाव घेण्यासारखं नाही. मी पोलीस म्हणून काही कामाचा नव्हतो. कप्तानांना माहीत आहे. मी माणसं पकडायला जायचो आणि जेवून यायचो. वादळानंतर सरकारी तांदळाची राखण करायला ठेवलं, तर पोती कमी भरली. आणि तो लुइसिओ. दारू पिऊन आला, कोठडीत टाकायचा, तर माझ्याकडून किल्लीच हरवली. दार उघडेना. अख्खी रात्र त्याच्याबरोबर पायरीवर बसून काढली. असा पोलीस."

तो थांबला. पेर्लीन मागे बसली होती. तिचा श्वास जोरात चालल्याचं त्याला ऐकू येत होतं. ती काही बोलेल की काय ह्या भीतीने त्याने मान थोडी वळवली.

पण बोलला याकोप.

"सार्जंट खोटं बोलतायत," तो झावळ्यांकडे बघत म्हणाला. "किल्ली त्यांच्या खिशात होती. मी तिथे होतो. लुइसिओची बायको त्याच आठवड्यात वारली होती. तो म्हणत होता, मला एकट्याला आत टाकू नका. सार्जंटनी मला सांगितलं, अहवालात लिही, किल्ली सापडली नाही." तो जरा थांबला. "मी आयुष्यात खोटा लिहिलेला तो एकच अहवाल."



"आणि तांदूळ," याकोपची बायको आतून दारात येऊन म्हणाली, "आमच्या घरी आला होता. आमचं छप्पर गेलं होतं. मी लहान होते, पण पोतं कुणी आणलं ते मला दिसत होतं."

"पोती कमी होती," पेद्रुस पुटपुटला.

"कमी होती," याकोप म्हणाला. "बेटावर उपाशी कुणी नव्हतं. असा पोलीस आम्ही नंतर पाहिला नाही. हे मी म्हणतोय. म्हणायचं काम माझं आहे."

त्याने करवंटी दोन्ही हातांनी घेतली, डोळे मिटले आणि प्याला.

 दुसरी करवंटी पेद्रुसला आली. तो प्याला, मातीची चव, मग ओठ हळूहळू बधिर. बरं झालं, त्याला वाटलं, ओठ थरथरत असले तरी आता कळणार नाही.

याकोपने आता प्रथमच खाली बघितलं, पेर्लीनकडे.

"आमचं खातं तुझ्यासारखीच्या लायकीचं नाही," तो म्हणाला. "काम कंटाळवाणं. कॉफी पाणचट. कप्तान रागीट आणि बिनडोक. पळण्यात तू पहिली आलीस, लेखीतही वर आहेस, मुलाखत घेणाऱ्या बाकीच्या तिघांची तक्रार काही नाही. अशा मुलीने असल्या ठिकाणी येऊ नये. विशेषतः सोमवारी सकाळी, प्रशिक्षण सुरू होतं तेव्हा, अजिबात येऊ नये."

"नाही म्हणाले?" बेर्मिनने आईच्या कानाशी विचारलं.

"तू कुट," कार्मेलिदा म्हणाली.

"एकच प्रश्न राहिलाय," याकोप म्हणाला. "दुपारी विचारला होता. नीट उत्तर मिळालं नाही. पोलिसात का यायचंय?"

पेर्लीनने आजोबांच्या पाठीकडे बघितलं. पेद्रुसला ते दिसलं नाही, पण मानेवर जाणवलं. तिने सांगितलं होतं, चुकीचं बोलले असं म्हणणार नाही. आणि ती बोलली की करायची.

"माझ्या आजोबांकडून किल्ली हरवली," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द सुटे होते. "मला ते जमेल असं वाटत नाही. पण शिकायचंय."

याकोपने मान डोलावली. मग तो पेद्रुसकडे वळला, सगळेच वळले, आणि पेद्रुसच्या लक्षात आलं की वाट त्याची बघतायत. मुलगी त्याची. तिच्याबद्दल शेवटचा शब्द त्याने टाकायचा होता, आणि तो कुठल्या दिशेला टाकायचा हे ठरलेलं होतं.

"जमणार नाही," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "ही हट्टी आहे. कुणाचं ऐकत नाही. मोठ्यांना उलट उत्तर देते. सकाळी उठवावी लागते." त्याने थांबायला हवं होतं, इतकं पुरतं, पण त्याला थांबता येईना. "भात करपवते. लहानपणी एकदा शेजाऱ्यांच्या कुत्र्यासाठी दिवसभर रडली होती, कुणाचं ऐकेना. भित्री आहे. मी आजारी होतो तेव्हा रात्र रात्र जागत बसली, काही कामाची नाही, नुसती बसली. कॅन्ससला सगळे गेले, हिला तेही जमलं नाही. अशी मुलगी मी दुसरी—"

"अहो, पुरे," कार्मेलिदाने त्याच्या दंडावर हात ठेवला. "नातीची इतकी स्तुती चारचौघांत बरी दिसत नाही."